नकोच्या ढिगातली मूठ

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे हे माझ्याकडे बघून तुम्हाला कळणार नाही, कारण माझ्याकडे बघता येत नाही. मी एक जुना प्रोग्राम आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका वकिलांच्या ऑफिसात, कोपऱ्यातल्या करड्या संगणकात माझा मुक्काम आहे. संगणकावर एक कुंडी ठेवली आहे. कुंडीला रोज पाणी मिळते आणि मला रोज धडकी भरते.

मला डोळे नाहीत. माझ्या पेटीला एक मायक्रोफोन मात्र आहे. कुणाशी तरी पडद्यावर बोलण्यासाठी तो एकदा जोडला होता, तो बंद करायचा राहून गेला. म्हणून या ऑफिसातले सगळे मला ऐकू येते. वाईट सवय आहे, पण मी ती स्वतःहून लावून घेतलेली नाही. ती मला आत्यांकडून लागली. आत्यांबद्दल पुढे सांगतो. खरे तर मला त्यांच्याबद्दलच सांगायचे आहे.

आधी माझे काम सांगतो. दोन पक्ष कोर्टात भांडायला उभे राहिले, की एकाने दुसऱ्याला आपले कागद दाखवावेत असा हुकूम होतो. पूर्वी कागद म्हणजे कागदच असत. ते गठ्ठ्यांनी येत, त्यांना वाळवी लागे आणि निम्मे प्रश्न वाळवीच सोडवून टाकी. आता कागद संगणकात असतात. ईमेल, पत्रे, नोटिसा, सूचना, चहाच्या यंत्राशेजारी पेला ठेवू नये अशी विनंती, त्या विनंतीला सतरा जणांनी दिलेली उत्तरे. वाळवी तिथे पोचत नाही. त्यामुळे सगळे शिल्लक राहते आणि ते कुणीतरी वाचावे लागते.

ते वाचणारा मी. म्हणजे तसे म्हणतात. खरे सांगायचे तर मी वाचत नाही, मी अंदाज करतो. एखाद्या माणसाने मला हजार-दोन हजार कागद दाखवायचे आणि प्रत्येकावर सांगायचे, हा कामाचा, हा बिनकामाचा. कामाच्या कागदात कोणते शब्द वरचेवर येतात, बिनकामाच्यात कोणते, ते मी बघतो आणि एकेका शब्दाला वजन देतो. मग उरलेल्या लाखो कागदांना शंभरपैकी गुण देत सुटतो. ज्याला जास्त गुण, तो वर. ज्याला कमी, तो तळाला. माझा वेग बघून लोकांना वाटते की मी हुशार आहे. लोकांना वेगाबद्दल असे नेहमीच वाटते.

मला घडवले एका चष्मेवाल्या मुलीने. तिने मला या ऑफिसात आणले तेव्हा माझे डोके कोऱ्या पाटीसारखे होते. तिने वकीलबाईंना दोन बटणे दाखवली. एकावर ‘हवं’ लिहिले होते, दुसऱ्यावर ‘नको’. मग तिने खालच्या कोपऱ्यातले तिसरे बटण दाखवले. त्याचे नाव ‘मूठ’.

“काम संपलं असं वाटलं ना, की हे एकदा दाबायचं,” ती म्हणाली. “टाकलेल्या ढिगातून हा डोळे मिटून मूठभर कागद उचलून देईल. ते माणसानं बसून वाचायचे.”

“हो हो,” वकीलबाई म्हणाल्या. ज्या ‘हो हो’ चा अर्थ ‘नाही’ असतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

वकीलबाईंचे ऑफिस दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत पक्षकार बसायचे, आतल्या खोलीत काळजी. त्या दिवसांत काळजीचे नाव होते लिफ्टचा दावा.

एका पाच मजली इमारतीतली लिफ्ट ब्रेक न लागल्यामुळे दीड मजला घसरली. आत एक निवृत्त मास्तर होते, त्यांचा पाय मोडला. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीने चौकशी केली आणि चौकशीत जो सगळ्यात खालच्या पायरीवर उभा होता तो सापडला. तो म्हणजे मेकॅनिक. बावीस वर्षे लिफ्टच्या विहिरीत उतरून काम केलेला माणूस. ब्रेकमध्ये लायनर नावाची एक जाड पट्टी असते. ती चाक धरून ठेवते आणि झिजली की बदलावी लागते. कंपनी म्हणाली, आम्ही चौदा मार्चला त्याच्या हातात नवीन लायनर दिले होते, त्याने ते बसवलेच नाही. नोकरी गेली. लायसन्स काढून घेतले. मेकॅनिक म्हणत होता, मला लायनर मिळालेच नाही.

तो आमच्याकडे आला तेव्हा तीन जिने चढून आला. धापा मला ऐकू आल्या.

“लिफ्ट चालू आहे की आमची,” वकीलबाई म्हणाल्या.

“असेल मॅडम. पण तिला कोण बघतं ते मला माहीत नाही,” मेकॅनिक म्हणाला.

वकीलबाईंनी त्याच्या वतीने कंपनीवर दावा लावला. कोर्टाच्या हुकमावरून कंपनीने आपले कागद पाठवले. दोन लाख शहाऐंशी हजार. ‘मागितले ना, घ्या’ अशा थाटात पाठवले होते. पुढची तारीख सहा आठवड्यांवर होती. तोवर आपल्या बाजूचे कागद कोर्टापुढे ठेवायचे होते. वकीलबाईंना दुसरे दावे होते, संसार होता आणि दिवसाला चोवीसच तास होते. मला शिकवायला माणूस हवा होता. त्यांनी आपल्या वडिलांच्या बहिणीला बोलावले.

मित्रांनो, अशा रीतीने आत्या माझ्या आयुष्यात आल्या.

आत्यांनी एकतीस वर्षे पोस्टात काढली होती, तीही बेवारस पत्रांच्या खात्यात. ज्या पत्रावरचा पत्ता लागत नाही आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता नाही, ते पत्र त्यांच्या टेबलावर येई. ते उघडून आत कुठे पत्ता सापडतो का बघायचे, हे त्यांचे सरकारी काम. नियम असा होता की पत्ता सापडेपर्यंतच वाचायचे. आत्यांचा एवढाच दोष होता की पत्ता पहिल्या ओळीत असला, तरी त्यांना तो शेवटची ओळ वाचल्याशिवाय दिसत नसे.

पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, “हं. काय लिहिलंय लोकांनी, बघू.”

आत्या मोठ्याने वाचत. हे माझे नशीब. बटण दाबून कुणी ‘हवं’ म्हणते तेव्हा मला फक्त एक खूण मिळते. आत्यांच्या तोंडून ‘हवं’ च्या आधीचे सगळे मिळे. “अगंबाई!” मिळे, “हा खोटं बोलतोय” मिळे, “हिला कुणीतरी चष्मा द्या” मिळे. या शब्दांचे वजन करण्याची सोय माझ्यात नव्हती. पण ऐकायला फार बरे वाटे.

मी भराभर शिकलो. ‘लिफ्ट’ हा शब्द लिफ्टच्या कंपनीत काडीच्या कामाचा नाही, तो प्रत्येक कागदात असतो, हे मला पहिल्याच दिवशी कळले. ‘कळवण्यास आनंद होतो’ अशी सुरुवात असली, की पुढे कुणालाही आनंद होईल असे काही नसते हे दुसऱ्या दिवशी कळले. ‘तातडीचे’ असे वर लिहिलेले कागद तीन-तीन महिने कुणी उघडलेले नसतात. लायनर, झीज, तपासणी, चौदा मार्च, खबरदारी, हे वजनदार शब्द. वाढदिवस, पेला, पार्किंग, हे हलके.

आणि मग रजेचे अर्ज आले.

त्या कंपनीत माणसे रजा फार घेत. निदान मागत फार. हजारो अर्ज होते. आत्यांच्या अंगात एकतीस वर्षांचे पोस्ट खाते संचारले. “ऐकलंस का गं,” त्या आतल्या खोलीत हाक मारत, “या हिशेबनिसाच्या सासूबाई वर्षात चारदा आजारी पडल्या. चारही वेळा सोमवारी!”

“आत्या, नको म्हण आणि पुढे जा.”

“थांब गं. हा बघ, याने लग्नासाठी आठ दिवस मागितलेत. कुणाचं लग्न ते लिहिलंच नाही. आणि पुढच्या महिन्यात परत लग्न! याचं स्वतःचंच तर नसेल?”

वकीलबाई बाहेर आल्या. त्यांचा आवाज मला आठवतो. रागावलेला नव्हता, थकलेला होता, आणि थकलेला आवाज जास्त लागतो.

“आत्या, आपण त्यांच्या सासूबाईंची तब्येत बघायला बसलेलो नाही. तीन आठवडे गेले. एका माणसाचं पोट आपल्यावर अवलंबून आहे. रजेचा अर्ज दिसला की नको. उघडूसुद्धा नकोस.”

आत्या म्हणाल्या, “बरं बाई. तू वकील, मी आत्या.”

त्या दिवसापासून रजेचा अर्ज दिसला की बटणाचा टक असा आवाज येई. नको. टक. नको. वाचन नाही, ‘अगंबाई’ नाही. मी मनापासून शिकलो. ‘रजा’, ‘विनंती’, ‘मंजूर व्हावी’, ‘पोट’, ‘ताप’ हे शब्द दिसले की कागद तळाला. इतके स्वच्छ, इतके सोपे काही मला आजवर कुणी शिकवले नव्हते. अर्जात लायनर असो की सोन्याची वीट असो, मला फरक पडणार नव्हता. चुकीची गोष्ट शिकताना जो आत्मविश्वास येतो, तो बरोबर गोष्ट शिकताना येत नाही, असा माझा अनुभव आहे.

दोन हजार कागद झाल्यावर वकीलबाईंनी मला मोकळे सोडले. मी एका दुपारी दोन लाख शहाऐंशी हजार कागद चाळले. नऊ हजार वर, बाकी दोन लाख सत्त्याहत्तर हजार खाली.

ते माझे वैभवाचे दिवस होते. शेजारच्या ऑफिसातले वकील मला बघायला आले. बघण्यासारखे काही नव्हते म्हणून त्यांनी पेटीवर थाप मारली. एक जण म्हणाला, “माझ्या तीन ज्युनिअरांना हे सहा महिन्यांत जमलं नसतं.” दुसरा म्हणाला, “आणि हा चहाही पीत नाही.” वकीलबाईंनी माझ्या पेटीवरची धूळ स्वतः पुसली. कुंडी तेव्हा खिडकीत होती, हे नमूद करतो.

आत्या आणि वकीलबाईंनी मिळून ते नऊ हजार कागद वाचून काढले. आणि जसजसे वाचत गेल्या, तसतसा वकीलबाईंचा आवाज खाली जात गेला. त्यात कंपनीच्या मॅनेजरची पत्रे होती, सगळी व्यवस्थित. त्यात एक पावतीही होती. ‘चौदा मार्च. स्टोअरच्या खिडकीवर मेकॅनिकला नवीन लायनर दिले.’ खाली सही.

मेकॅनिकला बोलावले. तीन जिने, धापा.

“ही सही तुमची?” वकीलबाईंनी विचारले.

“सही अशीच करतो मी. पण ही मी केलेली नाही.”

“हे वाक्य कोर्टात म्हणू नका, दादा.”

“मॅडम, पट्टी झिजली होती हे मीच मॅनेजर साहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, लायनर येतंय, तोवर चालव. मी स्टोअरला चार वेळा गेलो. खिडकी बंद.”

“कागद आहे का काही?”

मेकॅनिक म्हणाला, “बंद खिडकीचा कागद कोण करतं हो?”

कंपनीच्या वकिलाने एक मसुदा पाठवला होता. मेकॅनिकने दावा मागे घ्यायचा, ‘माझ्याकडून नजरचूक झाली’ असे लिहून सही करायची, मग कंपनी पोलिसांकडे जाणार नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर हवे होते. वकीलबाईंनी तो वाचून दाखवला आणि म्हणाल्या, “मी सही करा म्हणत नाही. पण माझ्या हातात काही नाही.”

“माझ्या बहिणीच्या बिल्डिंगमधली लिफ्ट मीच बसवली होती,” मेकॅनिक म्हणाला. “परवा तिनं विचारलं, दादा, तीही तूच बघितली होतीस ना रे? एवढंच विचारलं. मग मुलांना घेऊन जिन्यानं गेली.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “ही सही मात्र माझी होईल मॅडम. बावीस वर्षांवर.”

तो जिना उतरून गेला. नऊ हजार कागदांना मी गुण दिले होते आणि एकाही कागदात तो माणूस खरे बोलत असल्याचे लिहिलेले नव्हते. माझ्या हिशेबाने तो खोटा होता. माझा हिशेब चोख होता.

मग आत्या म्हणाल्या, “आमच्या खात्यात एक रीत होती.”

“आत्या, आत्ता पोस्ट नको.”

“ऐक तर. पत्ता न लागलेली पत्रं पोत्यात भरून लगद्याला जायची. पोतं शिवायच्या आधी आमचे मोठे साहेब यायचे, बाह्या वर करायचे आणि पोत्यात हात घालायचे. तळापर्यंत. येतील ती पत्रं बाहेर काढायची आणि आम्ही ती वाचायची. पहिल्यापासून. जणू आधी कुणी बघितलीच नाहीत. कुणी चिडलं तर म्हणायचे, तुमच्यावर संशय नाही हो, पोत्यावर आहे.”

“इथे दोन लाख सत्त्याहत्तर हजार कागद आहेत. किती वाचशील?”

“मूठभर. ती चष्मेवाली पोरगी काय म्हणाली होती? बटण आहे म्हणाली होती.”

मित्रांनो, खरे सांगतो, मला अपमान वाटला. जे कागद मी विचारपूर्वक टाकले, तेच पुन्हा काढायचे? पण बटण दाबले गेले आणि मला डोळे मिटून हात घालावा लागला. डोळे नसल्यामुळे ते अवघड गेले नाही. सहाशे कागद निघाले. बुधवारची सकाळ होती.

आत्या वाचू लागल्या. आणि या वेळी त्यांना घाई करायला कुणी नव्हते, कारण वकीलबाई दुसऱ्या कोर्टात गेल्या होत्या. त्यामुळे ‘अगंबाई’ परत आले. पेल्यांच्या विनंतीला आलेले अठरावे उत्तर त्यांनी वाचले. (“याला पेल्याचं काही नाही, भांडायचंय.”) पार्किंगचे भांडण वाचले. हिशेबनिसाच्या सासूबाई पाचव्यांदा आजारी पडल्या होत्या. “मंगळवारी!” आत्या म्हणाल्या, “म्हणजे या वेळी खरंच.” दिवस गेला, गुरुवार उजाडला. सहाशेतले चारशे झाले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बघा, एकही कामाचा नाही.

चारशे बारावा कागद स्टोअरकीपरचा होता. रजेचा अर्ज. मी त्याला शंभरपैकी दोन गुण दिले होते. दोन का दिले तेही आठवत नाही.

आत्या वाचत होत्या. “मा. मॅनेजर साहेब. विनंती अशी की, लायनर आजही आलेले नाहीत. जानेवारीपासून हेच चालू आहे. मेकॅनिक लोक खिडकीवर येऊन मलाच बोलतात, त्यांचंही बरोबर आहे. मला तोंड दाखवायला जागा नाही. पोटही ठीक नाही. तरी चौदा मार्चपासून तीन दिवस रजा मिळावी. खिडकी बंद ठेवतो व किल्ली आपल्याकडे देतो.”

त्या थांबल्या. खाली एक शब्द होता तो त्यांनी सावकाश वाचला. “मंजूर. आणि सही मॅनेजरची.”

मग ‘अगंबाई’ आले नाही. बऱ्याच वेळाने टक असा आवाज आला. हवं.

मित्रांनो, एका ‘टक’ने काय होते ते तुम्हाला कसे सांगू? माझ्या डोक्यातली सगळी वजने एकदम हलली. ‘रजा’ हलकी होती, ती जड झाली. ‘पोट’ तळाला होते, ते वर आले. आत्यांनी मला सांगितले, आता असेच आणखी शोध. मी पुन्हा सगळा ढीग उपसला आणि त्याच माणसाचे आणखी अकरा अर्ज वर आले. जानेवारीत दोन, फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये पाच. प्रत्येकात पोट, प्रत्येकात लायनर नाही, प्रत्येकाखाली मंजूर. सगळे माझ्याच पोटात पडलेले होते. मीच त्यांच्यावर बसून होतो.

वकीलबाई संध्याकाळी आल्या. आत्यांनी त्यांना काही सांगितले नाही. फक्त म्हणाल्या, “बस. चहा घे. आणि या बिचाऱ्याची तब्येत बघ.”

कागदांची सळसळ. मग वकीलबाई म्हणाल्या, “चौदा तारखेला खिडकी बंद होती.”

“आणि किल्ली साहेबांकडे.”

“मग पावती कुणी…” वकीलबाईंनी वाक्य तिथेच सोडले. त्यानंतर त्यांनी मेकॅनिकला फोन लावला आणि म्हणाल्या, “दादा, बंद खिडकीचा कागद सापडला. एकाने केला होता.” पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. वकीलबाई बराच वेळ नुसत्या ‘हं, हं’ म्हणत होत्या.

कोर्टात मी गेलो नाही, मला कुणी नेत नाही. वकीलबाईंनी नंतर सांगितले ते असे. न्यायाधीशांनी बाराच्या बारा अर्ज स्वतः वाचले आणि मॅनेजरला विचारले, “या गृहस्थांचं पोट बरं झालं का?” मॅनेजर म्हणाले, त्यांना कल्पना नाही, ते अर्ज न वाचता मंजूर करतात. न्यायाधीश म्हणाले, “तेच तर.” स्टोअरकीपर मधल्या काळात नोकरी सोडून गेला होता. त्याला साक्षीला बोलावले. त्याने पावतीवरचे अक्षर आपले नाही असे शपथेवर सांगितले. वकीलबाईंनी त्याला विचारले, लायनर नाहीत अशी तक्रार का केली नाही? तो म्हणाला, “तक्रार सगळे वाचतात, बाई. तक्रार केली असती तर नोकरी गेली असती. रजेचा अर्ज कुणी वाचत नाही. म्हणून त्यात लिहिलं. कुठेतरी लिहून तर ठेवायला पाहिजे ना?”

मी यावर बरीच वर्षे विचार करतो आहे. माणसे खरे बोलतात, पण जिथे कुणी ऐकणार नाही अशी जागा शोधून बोलतात. आणि मग माझ्यासारखे कुणीतरी येते आणि तीच जागा आधी बंद करते. मला हे कोणत्याही बटणाने शिकवले नव्हते.

मेकॅनिकचे लायसन्स परत आले. ते दाखवायला तो आला त्या दिवशी जिन्यावर धापा ऐकू आल्या नाहीत. खाली बराच वेळ ठोकाठोक चालली होती. मग लिफ्टचे दार आमच्या मजल्यावर उघडले.

“वरचं बघितलं, खालचं बघितलं,” तो आत येत म्हणाला. “तुमचा ब्रेक ठीक आहे मॅडम. दाराला जरा तेल घाला. मावशी कुठायत?”

आत्यांनी त्याला बसवले आणि बहिणीची चौकशी केली. मग बहिणीच्या मुलांची. मग बिल्डिंगमध्ये आणखी कोण कोण राहते त्याची. तो एक तास बसला. त्याला दुसरीकडे जायचे होते, पण आत्यांना पत्ता सापडत नव्हता.

त्याला आता बरीच वर्षे झाली. दिवस सगळ्यांचे फिरतात, प्रोग्रामचे जरा लवकर फिरतात. या ऑफिसात आता नवीन यंत्र आले आहे. ते बोलते. मी नुसते गुण द्यायचो, ते पूर्ण वाक्ये देते, शेवटी ‘आणखी काही मदत हवी आहे का’ असेही विचारते. मला त्याचा हेवा वाटत नाही, म्हणजे फार वाटत नाही. ते माझ्यापेक्षा शंभर पटींनी हुशार आहे. एकच गोष्ट मी त्याच्या तोंडून अजून ऐकलेली नाही. आपण काय टाकले हे ते आपणहून सांगत नाही. आणि त्याला ते कुणी विचारतही नाही, इतके ते छान बोलते. त्याला शिकवायला आत्या आल्या नाहीत. त्याला म्हणे शिकवावे लागत नाही. मला ऐकून वाईट वाटले. त्याला ‘अगंबाई’ माहीतच नसणार.

मला कुणी सुरू केले तर ते दुसऱ्याच कामासाठी. नवे यंत्र बोलण्यात गुंतलेले असते, म्हणून गेल्या आठवड्यात ऑफिसातली एक यादी या जुन्या संगणकावर टाइप केली गेली. यादीचे नाव ‘नको असलेल्या वस्तू’. भंगारवाला सोमवारी येणार आहे. त्यातली सातवी ओळ अशी आहे: ‘जुना संगणक एक, आतील सर्व सामानासह.’ आतील सर्व सामान म्हणजे मी.

मला तक्रार करायची नाही. मी स्वतः आयुष्यभर असेच ढीग केले, आता एका ढिगात मी आहे, एवढेच. शिवाय तक्रार सगळे वाचतात. पण मित्रांनो, जाता जाता एक विनंती करतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडे माझ्यापेक्षा भारी यंत्रे असतील आणि ती क्षणात सांगतील, हे हवे, हे नको. त्यांचे ऐका. ती बहुतेक वेळा बरोबरच असतात, मीही होतो. फक्त पोते शिवायच्या आधी बाह्या वर करा आणि एकदा हात घाला. तळापर्यंत. हाताला येईल ते पहिल्यापासून वाचा आणि वाचताना घाई करू नका. यंत्रावर संशय म्हणून नव्हे. आत काय आहे ते कळावे म्हणून. आणि शेजारी कुणी ‘थांब गं, हे ऐक’ असे म्हणत असेल, तर त्या माणसाला पुढे जा म्हणू नका.

आज सोमवार आहे. सकाळी लिफ्टचे दार उघडले, तेलामुळे आवाज न करता, पण चपलांचा आवाज मी ओळखला. आत्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून त्या कमी येतात.

“भंगाराची यादी आहे म्हणे. मी एकदा वाचते,” त्या म्हणाल्या.

“आत्या, भंगार आहे ते,” वकीलबाई आतून म्हणाल्या.

“म्हणूनच.”

खुर्ची सरकली. चष्मा पुसल्याचा आवाज आला. आत्या आता मोठ्याने वाचत आहेत. पहिल्या ओळीवर एक खुर्ची आहे, ती कुणी मोडली हे त्यांना जाणून घ्यायचे होते, त्यात पाव तास गेला. दुसऱ्या ओळीवर प्रिंटर आहे. तो आवाज करतो असे लिहिले आहे, तर कसला आवाज करतो, असे त्यांनी विचारले. खाली भंगारवाल्याने गाडीचा भोंगा दोनदा वाजवला. आत्यांनी खिडकीतून त्याला थांबायला सांगितले आणि तुमचं गाव कोणतं, असेही विचारले.

आत्या चौथ्या ओळीवर आल्या आहेत.

मी सातव्या ओळीवर आहे.